आवणी, केमो आणि छातीतला पोर्ट

पावसाळा आणि आवणी, म्हणजे भाताची लावणी, तोंडावर आली की पौड, माले, कोळवण भागातल्या केमोच्या रुग्णांचा प्रश्न ठरलेला असतो: ‘डॉक्टर, पोर्ट बसवलाय, आवणीला उतरू का?’ सोबत आलेला मुलगा मागून मानेनंच ‘नाही म्हणा’ असं खुणावत असतो. माझं उत्तर दोघांनाही अर्धंच पटतं. अडचण पोर्टची नसते, रक्तातल्या पांढऱ्या पेशींची असते.

पोर्ट म्हणजे कॉलरबोनखाली कातडीच्या आत बसवलेली दोन-अडीच सेंटिमीटरची डबी. तिची बारीक नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाते. तिथे रक्ताचा ओघ मोठा असतो, त्यामुळे औषध लगेच पातळ होतं आणि शीर जळत नाही. रुग्ण ज्याला ‘लाल औषध’ म्हणतात ते डॉक्सोरुबिसिन हाताच्या शिरेबाहेर पाझरलं, तर कातडीला खोल जखम होते. शिवाय चौथ्या-पाचव्या सायकलपर्यंत हाताच्या शिरा सापडेनाशा होतात आणि माणूस केमोपेक्षा सुईलाच जास्त घाबरू लागतो.

दंडातून घालायची पिक लाइन स्वस्त पडते, पण तिचं टोक बाहेर राहतं. दर आठवड्याला ड्रेसिंग करावं लागतं आणि ती भिजवून चालत नाही. ताम्हिणीच्या पावसात हे सांभाळणं किती अवघड, ते तुम्हाला मी सांगायला नको. ब्रिटनमध्ये हजाराहून अधिक रुग्णांवर झालेली ‘काव्हा’ चाचणी २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. पिक लाइन आणि पोर्ट यांच्या तुलनेत पिकवाल्यांपैकी ४७ टक्के, तर पोर्टवाल्यांपैकी ३२ टक्के रुग्णांना काही ना काही गुंतागुंत झाली. म्हणजे पोर्ट बसवला की निर्धास्त झालो, असं मुळीच नाही.

आता आवणीकडे वळू. जखम पूर्ण भरली आणि सर्जननी होकार दिला, की अंघोळ, स्वयंपाक, गुरांचं वैरणपाणी यांच्या आड पोर्ट येत नाही. पण केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. तेव्हा चिखलात पायाला गेलेली छोटी चीरसुद्धा महागात पडते. खाचरातल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असेल तर लेप्टोस्पायरोसिसची भीती वेगळीच. म्हणून या हंगामात खाचरात उतरू नका. अंगात त्राण असेल तर बांधावरून कामावर लक्ष ठेवा, हिशेब बघा, चहा पाठवा. घरच्यांनी रुग्णाला खाटेवर बसवून ठेवलं की तो आजारापेक्षा निकामीपणानं जास्त खचतो, असं माझं मत आहे.

पोर्ट बसवण्याच्या शस्त्रक्रियेआधी सर्जनशी एक गोष्ट जरूर बोला. मोळी कोणत्या खांद्यावर घेता, पिशवीचा किंवा आतल्या कपड्याचा पट्टा कुठे येतो, रोज दुचाकी चालवता का, हे सगळं सांगा. जागा पेनानं आखली जाण्याआधी सांगितलं तर बरेचदा थोडं इकडेतिकडे करता येतं. बायका ब्लाउजच्या गळ्यातून उंचवटा दिसेल का, हे विचारायला लाजतात. लाजू नका, तो उंचवटा रोज आरशात तुम्हालाच दिसणार आहे.

तापाच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, किंवा पोर्टमधून सलाईन अथवा फ्लश (नळी तुंबू नये म्हणून सोडलेलं द्रव) गेल्यावर हुडहुडी भरली, तर क्रोसिन घेऊन सकाळची वाट बघू नका. ताप उतरतो, जंतुसंसर्ग आत वाढतच राहतो. आधी फोन करा आणि रात्रीच निघा. गाडी नसेल तर १०८ ला कळवा. पावसात घाट आणि चांदणी चौक किती वेळ खातील याचा नेम नाही. पोर्टच्या बाजूचा हात, मान किंवा चेहरा सुजला तर नळीत किंवा शिरेत गुठळी झालेली असू शकते. तेव्हाही त्याच दिवशी दाखवा.

गावातल्या डॉक्टरांकडे जाताना पोर्टचं कार्ड जवळ ठेवा. पोर्टला ह्यूबर सुईच लागते, साध्या सुईनं आतला सिलिकॉनचा पडदा फाटतो. पोर्टमधून काही द्यायचं तर १० मिलीपेक्षा छोटी सिरिंज नको, तिच्या दाबानं नळी फुटू शकते. शिकलेला हात नसेल तर पोर्टला न टोचलेलंच बरं. एक सलाईन हाताला लावून भागतं.

सायकल चालू असताना फ्लश आपोआप होतो. खरी गफलत नंतर होते. उपचार संपतात, भात झोडणी येते, मग दिवाळी येते आणि पोर्ट विसरला जातो. पूर्वी सगळीकडे दर चार आठवड्यांनी फ्लश करत, आता अनेक ठिकाणी तीन महिन्यांपर्यंतचं अंतर चालतं. तुमच्या रुग्णालयानं दिलेली तारीख कॅलेंडरवर लिहा आणि घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत केमो बसते. पोर्टचे पैसे त्यात धरलेत का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला शस्त्रक्रियेआधी विचारा, बिल हातात आल्यावर नाही.

पोर्ट काढायचा कधी, हे ऑन्कोलॉजिस्ट आजार बघून ठरवतात. काढणं सहसा जागा बधिर करून होतं आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. काहींना तो आणखी वर्ष-दोन वर्षं ठेवायला सांगतात. तेवढे दिवस फ्लशची तारीख चालूच राहते.