बाबाला काय छान जमतं?

प्रश्न : आम्ही भोसरीत राहतो. नवरा चाकणच्या कंपनीत, तिन्ही पाळ्या. पहिलीतल्या मुलीला ‘घरात कोणाला काय छान जमतं?’ असं विचारलं, तर म्हणाली, ‘बाबा नुसता झोपतो. मला काहीच येत नाही.’ काय करू?

उत्तर : तिने पाहिलं तेच सांगितलं. रात्रपाळीचा बाबा तिला दिवसा झोपलेलाच दिसतो. त्याचं कसब कंपनीच्या गेटाआड राहतं. सुट्टीला तिच्या सायकलचं सीट आवळताना त्याने पाना तिच्या हातात द्यावा, काय करतोय ते सांगत करावं. एवढं पुरतं, मोठं भाषण नको.

‘मला काहीच येत नाही’ म्हणते म्हणून तिला ‘हुशार’ म्हणत बसू नका. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगांत बुद्धीची स्तुती झालेली पाचवीची मुलं अपयश येताच लवकर खचली. मेहनतीचं कौतुक झालेली टिकून राहिली. म्हणून घडलेलं नेमकं सांगा : ‘बाबा झोपलाय म्हणून तू टीव्हीचा आवाज कमी केलास.’ सहाव्या वर्षी ‘समंजसपणा’ हा शब्द कळत नाही, असं नेमकं वाक्य कळतं. तिची शेजारच्या मुलाशी तुलना होत असेल, तर ती आजच थांबवा.

आणि गावाकडे फोन लावाल तेव्हा आजीला काय छान जमतं, हे मुलीलाच विचारू द्या.