कुरव आणि माकडताप

प्रश्न : थंडीत भाट्ये, काळबादेवीच्या किनाऱ्यावर कुरव पक्ष्यांचे थवे उतरतात. दोडामार्गकडचा माकडताप हे परदेशी पक्षीच आणतात, असं आमच्याकडे बोललं जातं. यात तथ्य आहे का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : शंका रास्त आहे. एके काळी शास्त्रज्ञांनाही ती आली होती. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, आणि आसपासच्या गावांत माणसं तापानं फणफणली. हाच माकडताप. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) शोधलेला विषाणू रशियातल्या गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद निघाला. मग सैबेरियाकडून येणाऱ्या पक्ष्यांवर संशय जाणं ओघानंच आलं. डॉ. सलीम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं पक्षी पकडून त्यांच्या पायात कडी अडकवली, अंगावरच्या गोचिडी गोळा केल्या. माकडताप पक्ष्यांनी आणला, हे मात्र सिद्ध झालं नाही. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थलांतराची मोलाची माहिती त्या कामातून हाती आली, हा लाभ मला फार मोठा वाटतो.

पक्षी गोचिडी वाहून नेतात, हे खरं आहे. डोळ्यांभोवती, चोचीच्या मुळाशी, म्हणजे चोच पोचत नाही अशा जागी गोचीड चिकटते आणि कित्येक दिवस रक्त पीत राहते. तेवढ्या वेळात पक्षी समुद्र ओलांडतो. आफ्रिकेतून युरोपात जाणाऱ्या पक्ष्यांवर अशा गोचिडी सापडल्या आहेत.

पण माकडताप पसरवणारी गोचीड रानातली. वाळूवरच्या कुरवांशी तिचा संबंध नाही. तिची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात आणि पातेऱ्यात दबा धरून बसतात. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात, आणि तेवढी जागा धोक्याची होते. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात साथ आली. काजू वेचायला, पातेरा-लाकडं आणायला रानात जाण्याचे दिवस आणि या पिल्लांच्या सुळसुळाटाचे दिवस एकच, डिसेंबर ते मे. हा ताप माणसापासून माणसाला लागत नाही.

तेव्हा कुरवांना हुसकावू नका. दोडामार्गकडे रानात जाणारे तुमचे सोयरे असतील त्यांना सांगा : अंगभर कपडे घाला, घरी आल्यावर गरम पाण्यानं अंघोळ करा, आणि मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला लगेच कळवा.