लोकायुक्त : शब्द आणि सत्ता

‘लोकायुक्त’ हा शब्द महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याने रूढ झाला. कर्नाटकात त्याला खरे सामर्थ्य लाभले ते अल्पमतातील सरकारच्या काळात. १९८३ साली २२४ पैकी अवघ्या ९५ जागा मिळालेल्या जनता पक्षाचे रामकृष्ण हेगडे इतर पक्षांच्या पाठिंब्यावर मुख्यमंत्री झाले. स्वच्छ कारभाराचे आश्वासन हेच त्या परावलंबी सत्तेचे अधिष्ठान होते. बंगळूरच्या विधानसौधात संमत झालेल्या १९८४ च्या कायद्याने लोकायुक्तास तक्रारीवाचूनही चौकशी करण्याचा अधिकार दिला. १९८५ मध्ये हेगडे यांना स्पष्ट बहुमत मिळाले. १९८६ मध्ये तो अधिकार काढून घेण्यात आला. शब्द तोच राहिला, अर्थ आकसला. म्हणून राज्यव्यवहारातील शब्दाचा अर्थ कोशात पाहून भागत नाही. त्या वेळचे सभागृहातील संख्याबळही पाहावे लागते.