रानफुलांत वाचलेले शुभवर्तमान : लिलियस ट्रॉटर बाई

शास्त्रपाठ : मत्तय ६:२५–३४, निर्गम ३५:३०–३५, योहान १२:२४. मुखपाठ : मत्तय ६:३३.

आमच्या खेडोपाडीच्या मंडळ्यांतून एक प्रश्न वेळोवेळी उपस्थित होत असतो. ज्यांनी मूर्तिपूजा सोडून प्रभूचा स्वीकार केला आहे, त्यांनी चित्रे काढावी किंवा आपल्या भिंतीवर लावावी काय? कित्येक बंधू-भगिनींस ह्या गोष्टीचे भय वाटते, आणि ते भय निंद्य नव्हे. कारण ज्या बंधनातून मनुष्य सुटला त्याकडे परत वळू नये अशी काळजी त्याने घ्यावी हे योग्यच आहे. उलटपक्षी, कोणाच्या हाती रंगाची, सुताराची, गळ्याची किंवा विणकामाची देणगी असते, आणि तिचे आता काय करावे हे त्यास कळत नाही. अशा वाचकांच्या साहाय्यार्थ आम्ही आज एका ख्रिस्ती चित्रकर्तीचे चरित्र पुढे ठेवीत आहो.

१. चित्र आणि मूर्ती. दहा आज्ञांतील दुसरी आज्ञा (निर्गम २०:४–५) नीट वाचली असता असे दिसते की, देवाच्या जागी वस्तू स्थापून तिला नमन करणे व तिची सेवा करणे, ह्याचा तेथे निषेध आहे. ज्या देवाने ही आज्ञा दिली त्यानेच बसालेल ह्यास आपल्या आत्म्याने भरून सर्व प्रकारच्या कारागिरीचे ज्ञान दिले. शलमोनाच्या मंदिराच्या भिंतींवर खजुरीची झाडे व उमललेली फुले कोरलेली होती (१ राजे ६:२९). तेव्हा फूल काढणे हे पाप नव्हे. फुलाच्या ठायी थांबणे आणि फूल करणाऱ्याकडे न जाणे, ह्यात मात्र धोका आहे. हाच धोका पौल प्रेषिताने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात दाखविला आहे.

२. बाईंची देणगी. लिलियस ट्रॉटर ह्यांचा जन्म लंडन येथे १८५३ साली एका सधन व देवभीरू कुटुंबात झाला. बारा वर्षांच्या असता त्यांचे वडील वारले. चित्रकलेचे शिक्षण त्यांनी फारसे घेतले नव्हते; परंतु डोळा सूक्ष्म आणि हात हलका होता. डोंगर, पाने, शेवाळ, रानफूल, जे दिसेल ते त्या पाण्याच्या रंगांनी आपल्या वहीत उतरून घेत.

१८७६ साली मायलेकी इटली देशातील व्हेनिस नगरात उतरल्या होत्या. त्याच ठिकाणी जॉन रस्किन नावाचे विख्यात ग्रंथकार व कलेचे परीक्षक राहत होते. मातेने कन्येची काही चित्रे त्यांजकडे पाठविली. स्त्रियांच्या चित्रकलेविषयी रस्किन ह्यांचे मत त्या काळी फारसे चांगले नव्हते, आणि त्यांनी ती चित्रे पाहण्याचे काहीशा नाखुषीनेच कबूल केले. परंतु पाहिल्यावर त्यांचे मन पालटले, आणि त्यांनी तिला आपली शिष्या करून घेतले.

३. निवड. इकडे ट्रॉटरबाई लंडनमध्ये प्रभूच्या सेवेतही गुंतल्या होत्या. दुकानांत राबणाऱ्या गरीब मुलींसाठी त्या पवित्र शास्त्राचे वर्ग चालवीत. आणि रात्री रस्त्यावर पापाच्या धंद्यात सापडलेल्या स्त्रियांस शोधून आश्रयाच्या जागी आणीत. रस्किन ह्यांस हे रुचेना. १८७९ साली त्यांनी तिजपुढे स्पष्ट गोष्ट मांडली : तू सर्वस्वी कलेला वाहून घेशील, तर आपल्या काळातील श्रेष्ठ चित्रकारांत तुझी गणना होईल.

वाचकहो, ही लहान परीक्षा नव्हती. सैतानाने दाखविलेले हे काही दुष्ट प्रलोभन नव्हते. देणगी देवाचीच होती, आणि बोलावणारा मनुष्य खरा स्नेही होता. बाईंनी कित्येक दिवस मोठ्या व्याकुळतेत काढले व प्रार्थना केली. शेवटी त्यांस असे दिसून आले की, कलेला सर्वस्व देऊन, त्याच वेळी देवाचे राज्य प्रथम मिळविण्यास झटणे, हे आपणांस साधणार नाही. त्यांनी त्या मोठ्या नावाचा मार्ग सोडून दिला. गुरू-शिष्येचा स्नेह मात्र तुटला नाही.

४. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. पुढे १८८७ साली उत्तर आफ्रिकेतील लोकांच्या आत्मिक गरजेविषयी एक भाषण त्यांनी ऐकले आणि तेथे जाण्याचा निश्चय केला. परंतु त्यांचे हृदय अशक्त झाले होते, म्हणून मिशनाने त्यांस आपल्या सेवकांत घेतले नाही. तेव्हा दोन मैत्रिणींसह स्वतःच्या खर्चाने त्या निघाल्या, आणि १८८८ च्या मार्च महिन्यात आल्जीरिया देशाच्या आल्जीयर्स नगरी पोहोचल्या. तो देश त्या काळी फ्रेंचांच्या अमलाखाली होता. तिघींपैकी एकीसही अरबी भाषा बोलता येत नव्हती, आणि त्या शहरात त्यांच्या ओळखीचे कोणी नव्हते.

तेथे त्यांनी चाळीस वर्षे काढली. पुढे अरब वस्तीच्या गल्लीतच घर घेतले, बायकांच्या घरी जाऊन त्यांच्याशी बोलणे केले, आणि दूर वाळवंटातील खेड्यांपर्यंत प्रवास केला. फळ झटपट आले नाही. ज्यांनी विश्वास धरला त्यांस आप्तांकडून फार सोसावे लागले. कित्येक मागेही फिरले. तथापि काम वाढत गेले आणि त्यातून आल्जीयर्स मिशन बँड नावाची मंडळी उभी राहिली. अखेरची सुमारे तीन वर्षे बाई अंथरुणास खिळल्या होत्या, परंतु तेथूनही लेखन व प्रार्थना चालू होती. १९२८ साली, वयाच्या पंच्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी देह ठेविला.

५. रानफुलांचे धडे. मग ती कला व्यर्थ गेली काय? नाही. रोजनिशीच्या पानांच्या कडेला, प्रवासाच्या लहानशा वह्यांत, अरबी पत्रकांत आणि आपल्या पुस्तकांत त्या चित्रे काढीतच राहिल्या. त्यांचे वधस्तंभाचे दृष्टांत हे पुस्तक तर झाडे, बी व फुले ह्यांच्याच योगे मरणातून जीवन कसे निघते हे शिकविते. त्यांतील आशय आम्ही आमच्या शब्दांत सांगतो.

विलायतेत गॉर्स नावाचे एक काटेरी झुडूप असते. वर्षभर त्याचा काटा कठीण होत जातो, आणि वसंतात तो मऊ होत नाही की गळतही नाही; परंतु त्याच काट्यावर पिवळे सुवासिक फूल उमलते. आपल्या बांधावरील बाभळीकडे पाहा. तीही काट्यांच्या शेजारीच पिवळी होते. ज्या दुःखातून देव आपणांस सोडवीत नाही, त्याच दुःखावर तो फूल आणू शकतो.

डँडेलियन नावाचे एक पिवळे रानफूल आहे. पाकळ्या गेल्यावर त्याच्या बियांचा पांढरा गोळा होतो, आणि आपल्याकडील रुईच्या म्हाताऱ्यांप्रमाणे त्या बिया वाऱ्यावर उडून जातात. बाईंनी त्यात देण्यास सिद्ध झालेले जीवन पाहिले. वारा केव्हा व कोणीकडे नेईल हे ते विचारीत नाही. असेच एक फूल त्यांनी एका सकाळी रानातील अंधाऱ्या कोपऱ्यात पाहिले. ते अर्धे सुकलेले होते, पण सूर्याकडे पूर्ण तोंड करून होते, म्हणून चमकत होते. अनेक चांगल्या गोष्टींत मन न विखुरता ख्रिस्ताकडे दृष्टी एकाग्र करावी, हा बोध त्यांनी त्यावरून एका पत्रकात लिहिला. ते पत्रक वाचून हेलन लेमेल ह्या बाईंस एक गीत सुचले, आणि ते आजही अनेक देशांतील मंडळ्यांत गाइले जाते.

६. आपणांस बोध. प्रत्येक ख्रिस्ती मनुष्याने कुंचला खाली ठेवावा असा नियम आम्ही ह्यावरून काढीत नाही. बसालेलाने हत्यारे घेऊन देवाचे काम केले. मत्तयाने जकातीचे नाके सोडले. दोघांसही बोलावणारा एकच होता. आपल्या देणगीविषयी प्रश्न इतकाच की, पहिल्या आसनावर कोण बसला आहे? देणगी तेथे बसली तर चांगले फूलही मूर्ती होते. प्रभू तेथे बसला तर वहीच्या कडेला काढलेले लहान फूलही उपदेश करते.

उपदेशक बंधूंनी आणखी एक गोष्ट मनात धरावी. प्रभूने आपल्या श्रोत्यांस रानातील भूकमळांचा विचार करावयास सांगितले. आपले श्रोते शेतकरी आहेत. पेरणी, तण, कणीस व खळे त्यांस ठाऊक आहे. वर्गास जाण्यापूर्वी वाटेतील एक झाड पाच मिनिटे नीट पाहा, आणि त्याच्या कर्त्याची स्तुती करून मग शिकवावयास बसा.

वर्गासाठी प्रश्न : (१) मूर्ती व चित्र ह्यांत भेद कोणता? (२) १८७९ साली ट्रॉटरबाईंनी काय सोडले, आणि काय सोडले नाही? (३) मिशनाने नकार दिला असता त्यांनी काय केले? (४) गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर काय होते? (५) देवाने तुम्हांस कोणती देणगी दिली आहे, आणि ती आज कोणाच्या सेवेत आहे?