संगणक की पडदा?

२०२४च्या जुलैत माझा कंटेनर हैदराबादेत सनतनगरच्या आयसीडीत, म्हणजे कस्टम्सच्या कंटेनर डेपोत, उतरला आणि तिथेच अडकला. आत ६५ इंची ४० इंटरॅक्टिव्ह पॅनेल होती, शाळांच्या वर्गांसाठी. मालाची किंमत १८ लाख. तो संगणक ठरला असता, म्हणजे कस्टम्स टॅरिफच्या ८४७१ शीर्षकात बसला असता, तर मूळ शुल्क शून्य आणि १८ टक्के आयजीएसटी, मिळून सव्वातीन लाख. मॉनिटर ठरला, ८५२८मध्ये गेला, तर १० टक्के मूळ शुल्क, त्यावर अधिभार, आणि ३२ इंचांहून मोठा म्हणून २८ टक्के आयजीएसटी. मिळून साडेसात लाखांच्या वर. भरले साडेसातच.

‘८४७१ टाकू, सगळे तेच टाकतात’ हे माझ्या कस्टम्स ब्रोकरचे शब्द. मी त्याला दोनदा विचारले होते. अडकल्यावर तोच माणूस म्हणाला, “चेकलिस्टपे साइन तो आपकीच है ना, मॅडम.” सही माझीच होती, हे खरे. २०११पासून आपणच आपले शुल्क ठरवून जाहीर करायचे असते, त्यामुळे जबाबदारीही आयातदाराचीच. पण आठ आकड्यांचा तो कोड सुचवण्यासाठीच मी त्याला पैसे देत होते.

कस्टम्सची क्वेरी आली तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. बिल ऑफ एन्ट्री तपासणारा अधिकारी हैदराबादचा असेलच असे आता नसते. २०२०पासून कागद दुसऱ्याच शहरातल्या अधिकाऱ्याकडे जातात, समोर जाऊन मशीन दाखवण्याची सोय नाही. प्रश्न एका ओळीचा होता: या यंत्राचे मुख्य कार्य कोणते? मी पुरवठादाराचा कॅटलॉग उघडला. ब्रोकरने तो मला न विचारता अपलोड केलेला होता. पहिल्या पानावर ‘स्मार्ट डिस्प्ले’. मग पडद्याचा उजेड, बघण्याचा कोन, एका वेळी किती बोटांचा स्पर्श ओळखतो ते. प्रोसेसर आणि मेमरी चौथ्या पानावर, तळाच्या एका ओळीत. माझ्या इन्व्हॉइसवर मात्र ‘ऑल इन वन कॉम्प्युटर’. माझेच कागद माझ्याविरुद्ध बोलत होते, आणि ते आपण आज पहिल्यांदा वाचतो आहोत हे त्या क्षणी कळले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

नियम असा आहे. एकाच यंत्रात अनेक कामे असतील तर टॅरिफच्या सोळाव्या विभागातली तिसरी टीप मुख्य काम बघायला सांगते. ८४व्या प्रकरणाच्या टिपा आणखी पुढे जातात: आत संगणक असूनही यंत्र डेटा प्रोसेसिंगपेक्षा वेगळे, ठरावीक काम करत असेल, तर ते त्या कामाच्या शीर्षकाखाली जाते. माझे म्हणणे आजही हेच आहे की आमचे पॅनेल दुसऱ्या संगणकाशिवाय चालते, शिक्षिका त्यात हवा तो प्रोग्रॅम टाकू शकते, म्हणून तो संगणकच. पण झेरॉक्सच्या मल्टिफंक्शन मशीनबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये निकाल दिला, तेव्हा एका मॉडेलचे सुमारे ८५ टक्के सुटे भाग आणि उत्पादनखर्च छपाईसाठी होता हे पाहून ते मशीन प्रिंटर ठरवले. ती मोजपट्टी माझ्या पॅनेलला लावली तर किमतीचा मोठा भाग काचेचा निघतो. हे मला आधी कुणी सांगायला हवे होते की नको?

कारण खरा फटका आयसीडीत बसला नाही, कोटेशनमध्ये बसला. आयजीएसटीची वजावट मिळते, मूळ शुल्क आणि अधिभाराचे १ लाख ९८ हजार गेले ते गेले. पण माल मॉनिटर ठरला की विक्रीवरही तेव्हा २८ टक्के. शाळांना वजावट मिळत नाही, म्हणून मी भाव करासकट दिले होते, १८ टक्के धरून. वरचे १० टक्के माझ्या नफ्यातून गेले. तेव्हा कोड आधी, कोटेशन नंतर.

नवीन वस्तू आणणार असाल तर मुंबई किंवा दिल्लीच्या कस्टम्स अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे जा. फी १० हजार रुपये, आणि मिळालेला निर्णय ठरावीक मुदतीपर्यंत तुम्हालाही बांधतो आणि खात्यालाही. दुसऱ्याला मिळालेला निर्णय तुम्हाला कामी येत नाही. माल येऊन वाद झालाच, तर कलम १८खाली बाँड आणि बँक गॅरंटी देऊन तात्पुरती आकारणी मागा, किंवा कलम ४९खाली माल गोदामात हलवा. मला यातले काहीच सुचवले गेले नाही. ११ दिवसांचे ग्राउंड रेंट आणि शिपिंग लाइनचे डिटेन्शन मी भरले. कॅटलॉग आणि इन्व्हॉइस शेजारी ठेवून वाचा. सगळे लेखी घ्या. फोनवरच्या आश्वासनाला काही किंमत नाही.

आणखी एक. ब्रोकर म्हणाला, ‘स्वीकृतीचे पत्र द्या, माल उद्या सुटेल.’ ते मी दिले नाही. निषेध नोंदवून पैसे भरले आणि सकारण लेखी आदेश मागितला. तुम्ही लेखी मान्यता दिली नसेल तर फेरआकारणीनंतर १५ दिवसांत तो द्यावाच लागतो. त्या आदेशावर ६० दिवसांच्या आत अपील केले.

१ फेब्रुवारी २०२५च्या अर्थसंकल्पात इंटरॅक्टिव्ह पॅनेलवरचे मूळ शुल्क १० वरून २० टक्के झाले. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून मोठ्या पडद्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. माझी चाळीसही पॅनेल त्याआधीच वर्गांत लागली होती.