इंग्रजी शब्दसंग्रह: यादी पाठ करण्याआधी

पांढुर्णा-सौंसर भागातल्या पालकांची काळजी बहुतेक एकाच जागी येऊन थांबते: पोरगं हुशार आहे, पण इंग्रजी कच्चं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा मराठी मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. त्यामुळे घरी मराठी, अनेकांच्या शाळेत हिंदी आणि पुढच्या परीक्षांत इंग्रजी, असं तिहेरी ओझं इथल्या मुलांवर पडतं. मग नागपूरहून समानार्थी शब्दांचं जाडजूड पुस्तक येतं आणि पाठांतर सुरू होतं.

यादी वाया जात नाही. एसएससीच्या पदवीस्तर परीक्षेत समानार्थी शब्दांवर थेट प्रश्न असतात, तिथे तिचा उपयोग होतो. पण यादीत एका ओळीत बसलेले शब्द वाक्यात एकमेकांची जागा घेतातच असं नाही. प्रसिद्ध माणसासाठी ‘फेमस’ आणि कुप्रसिद्ध माणसासाठी ‘नोटोरियस’. दोघांनाही सगळे ओळखतात, तरी मान एकालाच असतो. मुलाखतीत ‘आय ॲम स्टबर्न’ म्हणणारा स्वतःला हेकेखोर ठरवून बसतो. त्याला ‘पर्सिस्टंट’ म्हणायचं असतं, म्हणजे चिकाटीचा. नोकरी देणारा त्या एका शब्दावरून मत बनवतो.

नेमका शब्द सुचायला आधी नेमकं पाहावं लागतं, आणि इथली मुलं ते लहानपणापासून करतात. संत्र्याच्या बागेत वाढलेल्या पोराला आंबिया बहार आणि मृग बहार यांतला फरक सांगावा लागत नाही. झाडाला ताण कधी द्यायचा, फळगळ कशी ओळखायची, डिंक्या कुठे दिसतो हे त्याला ठाऊक असतं. तोच पोरगा इंग्रजीत लिहायला बसला की खराब फळाला सरसकट ‘बॅड’ म्हणतो. मार लागलेलं फळ ‘ब्रूज्ड’, जास्त पिकलेलं ‘ओव्हरराइप’, सडलेलं ‘रॉटन’. यात नुसती शब्दांची हौस नाही. ब्रूज्ड म्हटलं की तोडणी आणि वाहतूक तपासायची, ओव्हरराइप म्हटलं की तोडणीची वेळ, रॉटन म्हटलं की रोग आणि साठवण. कृषी पदवी किंवा फळप्रक्रियेकडे वळणाऱ्या मुलाच्या अहवालात ‘बॅड’ हा शब्द काहीच सांगत नाही.

नर्सिंग किंवा फिजिओथेरपीला जाऊ पाहणाऱ्यांनी तर हे मनावर घ्यावंच. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये वेदना मोजण्याची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात वेदनेचे ७८ शब्द २० गटांत लावलेले आहेत, कारण दुखणं कसं आहे यावरून ते कशामुळे असेल याचा माग लागू शकतो. आता आपल्या घरातली भाषा आठवा. डोकं ठणकतं ते ‘थ्रॉबिंग’. पायात चमक जाते ती ‘शूटिंग’. पोटात मुरडा येतो तो ‘क्रॅम्पिंग’. आग होते ती ‘बर्निंग’. हाताला मुंग्या येतात ते ‘टिंगलिंग’. आजीच्या तोंडी यातले सगळे फरक आहेत. नातीला फक्त त्यांच्यासमोर इंग्रजी शब्द मांडायचे आहेत. जिला मराठीतच सगळं ‘दुखतंय’ एवढंच म्हणता येतं, तिच्या इंग्रजीतही ‘पेन’ एवढाच शब्द उरतो. म्हणूनच इंग्रजीसाठी घरातली मराठी बंद करण्याचा सल्ला मला घातक वाटतो.

परदेशी शिक्षणासाठीच्या आयईएलटीएस परीक्षेत लेखन आणि संभाषण दोन्ही चार निकषांवर तपासतात. त्यांतला एक शब्दसंपत्तीचा. तिथेही अवघड शब्द ठासून भरल्याने गुण वाढत नाहीत. शब्द प्रसंगाला आणि शेजारच्या शब्दाला शोभतो का, हे पाहिलं जातं. पावसाला इंग्रजीत ‘हेवी’ म्हणतात, ‘स्ट्राँग’ नाही. चहाला ‘स्ट्राँग’ म्हणतात, ‘हेवी’ नाही. म्हणून शब्दकोश घ्यायचा तर उदाहरणाची वाक्यं देणारा, विद्यार्थ्यांसाठी केलेला घ्या. नवा शब्द वहीत एकटा लिहू नका, त्याचं वाक्य लिहा, आणि ते वाक्य आपल्या बागेबद्दल, बाजाराबद्दल, घराबद्दल असू द्या.

‘व्हेरी’ लिहिल्यावर थांबायची सवय लावा. ‘व्हेरी टायर्ड’ऐवजी ‘एक्झॉस्टेड’ बसतो, पण थकवा खरंच तेवढा असेल तरच. नसेल तर ‘टायर्ड’ राहू द्या. साधा शब्द बरोबर असेल तर तो बदलायचं कारण नाही.

आणि पालकांनो, तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी यात तुमचं काम मोठं आहे. मुलगी ‘आज बरं नाही’ म्हणाली की ‘म्हणजे नेमकं काय?’ एवढं विचारा आणि ती मराठीत पूर्ण सांगेपर्यंत थांबा. महागडा क्लास लावायचा की नाही, ते वर्षभराने ठरवा. हा प्रश्न आज रात्री जेवताना विचारायला सुरुवात करा.