महामारीनंतरच्या पुनर्रचनेचा भार कोणी वाहावा?

प्रश्न : टाळेबंदीत रोजगार गमावून गावी परतलेल्या मजुरांची घडी पुन्हा बसवण्यास लागणारा पैसा न्याय्य रीतीने कोठून उभारावा? – एक वाचक, आंबागड (ता. तुमसर)

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राच्याच दप्तरी आहे, १९७२च्या दुष्काळातून विस्तारलेल्या रोजगार हमी योजनेसाठी शासनाने १९७५ साली व्यवसाय कर बसवला, आणि ज्यांचे वेतन अबाधित होते अशा पगारदारांच्या अंशदानातून खेड्यातील मजुराच्या हातास काम मिळाले. २०२० मध्ये केंद्राने मनरेगासाठी केलेली ४०,००० कोटींची जादा तरतूद आवश्यकच होती. परंतु अशा तरतुदीसाठी काढलेल्या सरकारी कर्जाची फेड जर अप्रत्यक्ष करांतून झाली, तर तेल-साबण विकत घेणारा तोच मजूर ती फेडतो. म्हणून संकटकाळीही ज्यांची मिळकत वाढली, त्यांच्यावर प्रत्यक्ष कर बसवून स्वतंत्र निधी उभारावा, आणि त्याच्या खर्चाचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडावा.